माणूस ओळखणारा पंखा

बस अवनी, लाईट येईपर्यंत बस. चहा झालाच आहे. आपल्या मांजरी गावात संध्याकाळी लाईट गेली की लवकर येत नाही. हा बॅटरीचा दिवा मध्ये ठेवते. तू पंख्यांचं विचारायला खालच्या मजल्यावरून आलीस, तर नीटच सांगते.

पंखे आमच्या चेतनने आणले. तिन्ही एकसारखे, कमी विजेचे, अजिबात आवाज नाही. मधोमध खाली एक काळं भिंग आहे. माणसाची चाहूल लागली की पंखा आपोआप सुरू होतो, खोली रिकामी झाली की थोड्या वेळाने थांबतो. मला फार आवडले. मुलं लहान असल्यापासून मी ओरडत आले, अरे, पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. खोलीत माणूसच नसेल तर तो कुणासाठी फिरतोय? आता ओरडायचं काम उरलं नाही. गच्चीला पांढरा रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. एवढा वरचा मजला, पण एसीवाचून आमचं काही अडलं नाही.

मागच्या खोलीतला पंखा तेवढा पहिल्यापासून वेगळा. खोली रिकामी, दार लोटलेलं, आणि आत तो आपला फिरतोय.

"पाल असेल," चेतन म्हणाला. "पालीलाही उकडतं, आई."

पाल शोधली. पडदा हलतो म्हणून तो काढून पाहिला. शेवटी चेतनने तिथला पंखा इथे हॉलमध्ये बसवला, आणि इथला तिथे. आत्ता आपल्या डोक्यावर आहे तो मागच्या खोलीतला. इथे आला आणि शहाण्यासारखा वागायला लागला. तिथे गेलेला मात्र रिकाम्या खोलीत फिरायला लागला.

आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. जे कळत नाही ते तपासायचं, घाबरायचं नाही, असं माझे वडील सांगायचे. म्हणून मी घाबरले नाही. आणि घाबरायचं तरी कुणाला? हा फ्लॅट आम्हीच पहिल्यांदा उघडला. त्याआधी इथे नुसता ऊस होता.

मग ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आणलं तेव्हा ऐन उन्हाळा. छातीवरची जखम घामाने ओली राहायला लागली. डॉक्टरांनी बजावलं, जखम चिघळली तर पुन्हा उघडावी लागेल, आणि दुसऱ्यांदा ते ह्यांना झेपणार नाही. मागची खोली घरात सगळ्यांत गार. तिथेच ह्यांची खाट टाकली.

पहिल्याच दुपारी हे डोळे मिटून निपचित पडले, आणि पंखा थांबला. हलणारा माणूसच त्या भिंगाला कळतो, निजलेला कळत नाही. ते भिंग बंद करायचं बटण रिमोटवर, आणि रिमोट चेतनच्या बॅगेतून बंगळूरला गेलेला! मग मी उशाशी स्टूल घेऊन बसले आणि अधूनमधून हात हलवत राहिले.

"माश्या हाकलतेस का?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो. पंख्याला सांगतेय, इथे माणूस आहे."

हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या म्हणून उठले. परत यायला उशीर झाला. आता पंखा बंद असणार, हे घामाने भिजले असणार, अशा धास्तीने धावतच आले. पंखा फिरत होता. बारीक, एकसारखा. हे गाढ झोपलेले. आणि त्या वाऱ्याला कसला तरी वास होता... पाचटाचा. ऊस तोडल्यावर शेतात पानं पडून राहतात ना, ती भिजल्यावर येतो तसा.

त्यानंतर मी मुद्दाम लांब राहून पाहिलं. पंखा एकदाही थांबला नाही. जखम सुकत चालली.

एका दुपारी हे म्हणाले, "जया, सारखी बसू नकोस गं इथे. थकशील."

"मी तर स्वयंपाकघरात होते."

"मग हात कोण हलवत होतं?"

"कुठला हात?"

"तुझाच... बांगड्या वाजत होत्या ना."

ह्यांची झोप मोडू नये म्हणून बांगड्या मी कधीच्या काढून कपाटात ठेवल्या होत्या.

खरं सांगते अवनी, तेव्हाही मला भीती वाटली नाही. माझा माणूस बरा होत होता, मला तेवढंच दिसत होतं. मी रिकाम्या स्टुलाकडे बघून मोकळ्या मनाने म्हटलं, "बसा. माझ्या जागी बसा. ह्यांना बरं वाटू दे."

बरे झाले. डॉक्टरसुद्धा चकित झाले. आता रोज संध्याकाळी फिरायला जातात. आत्ताही गेलेत. "चल जया," म्हणतात आणि मी चपला घालायच्या आत दार ओढून घेतात. गॅलरीतून दिसतात मला. डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून चालतात. हळूहळू काहीतरी बोलत असतात... मध्येच थांबतात, उत्तर ऐकल्यासारखे.

हे बाहेर गेले की मागच्या खोलीतला पंखा बंद असतो. हल्ली कधीच रिकाम्या खोलीत फिरत नाही. परवा मी जाऊन त्या स्टुलावर बसले. हात हलवला. उभी राहिले, पदराने वारा घातला, दोन्ही हात वर करून हलवले...

बघ, आली लाईट! पंखाही लागला. छान वारा आहे ना? घे तू असाच, खात्रीने सांगते. पंख्यात काही दोष नाही. तो चुकत नाही.

निघालीस? जा, तुझा सार्थक खाली वाट बघत असेल. पण माझं एक काम कर. दाराबाहेर जरा वेळ उभी राहा आणि तिथून बघ. मी इथेच आहे, पंख्याखाली. हा बघ, हात हलवतेय...

थांबला ना?

मला घाम फुटलाय गं. अवनी... जरा आत येऊन बस.