बिनशेंगदाण्याच्या वड्या

गोत्रीतल्या किराणा दुकानात कॉर्नफ्लेक्सच्या रांगेपुढे एक उंच माणूस वाट अडवून उभा होता. चष्मा कपाळावर, खोका नाकाशी... त्यावरची बारीक अक्षरं वाचण्यात तो असा गढला होता, की कौमुदी दोनदा खाकरली तरी त्याला पत्ता नाही.

"भाई, जरा खसजो ने," ती शेवटी म्हणाली.

तो दचकून बाजूला झाला. "मराठी आहात?"

"इतकी कच्ची आहे माझी गुजराती?"

"छान आहे. फक्त 'भाई' म्हणताना जरा... अडखळलात."

हसू दाबत तिनं समोरचे दोन खोके उचलले. त्यानं घाईघाईनं हात आडवा केला. "हे नको. यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो, असं लिहिलंय. माझ्या भाचीला तो अजिबात चालत नाही. मागच्या वर्षी चिक्कीचा एक तुकडा खाल्ला, तर तिला श्वास घेता येईना."

कौमुदीनं खोके परत ठेवले. शुक्रवारी बालवाडीतल्या आपल्या वर्गाच्या अठरा मुलांना तिला कॉर्नफ्लेक्सच्या वड्या खाऊ घालायच्या होत्या. बोलता बोलता कळलं, की ती भाची, इरा, सोमवारपासून तिच्याच वर्गात येणार होती.

त्याच्या बहिणीची, म्हणजे इराच्या आईची, रुग्णालयात सकाळची पाळी असे, म्हणून इराला सोडायला तोच, तिचा विहंगमामा, येई. इरा आत पळाली तरी तो फाटकाशी रेंगाळायचा.

"वड्यांत काय काय घालणार?"

"गूळ, लोणी, कॉर्नफ्लेक्स, कुरमुरे. बस. कालही हेच विचारलंत."

"काल ऐकताना लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

तो नुसता हसला आणि हेल्मेट चढवून निघून गेला. त्या दिवशी कौमुदीनं हजेरी दोनदा घेतली.

गुरुवारी संध्याकाळी नागरवाड्यातल्या स्वयंपाकघरात तिनं गूळ-लोणी पातळ केलं, कॉर्नफ्लेक्स ओतले, आणि तेवढ्यात त्याचा फोन आला.

"आई, जरा ढवळतेस?" असं म्हणून ती गॅलरीत गेली. बाहेर रिमझिम चालू होती.

"कौमुदीबेन..." तो म्हणाला. "सगळे 'बेन' म्हणतात म्हणून मीही म्हणतो. पण तुम्हाला ताई म्हणायला जड जातं हो."

"मग म्हणू नका," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून तिचे कान तापले. ती परत आली तेव्हा आईनं वड्या थापूनही ठेवल्या होत्या.

शुक्रवारी मुलं ओळीनं बसली. वड्या वाटून झाल्यावर कौमुदीनं सहज एक तुकडा तोंडात टाकला. खमंग होता. नको इतका खमंग...

"कोणी खाऊ नका. खाली ठेवा सगळ्यांनी," म्हणत ती धावली. इराच्या हातातली वडी तिनं हिसकावून घेतली. "खाल्लीस?"

"चाटली फक्त," इरा रडवेली होऊन म्हणाली.

तिला चूळ भरायला लावत कौमुदीनं दुसऱ्या हातानं आईला फोन लावला. "कूट होय? मूठभर घातलं," आई सहज म्हणाली. "नुसत्या गुळाला काय चव?"

तोवर इराच्या हनुवटीवर दोन लाल गांधी उठल्या होत्या. वर्ग शेजारच्या वर्गाच्या भक्तीबेनवर सोपवून कौमुदीनं इराला कडेवर घेतलं आणि विहंगला फोन करतच ती शेजारच्या दवाखान्यात धावली. विहंग पोहोचला तेव्हा डॉक्टरांनी औषध दिलं होतं. श्वास नीट चालू होता, तरी दोन तास इथेच बसा, असं ते म्हणाले.

बाकावर दोघं शेजारी बसली. दाराच्या फटीतून इराची छाती वर-खाली होताना दिसत होती, आणि कौमुदी प्रत्येक श्वास मोजत होती. शेवटी तिला राहवेना.

"चूक माझी आहे. आईला मी सांगितलंच नव्हतं. आणि तिनं कूट घातलं तेव्हा मी... तुमच्याशी फोनवर बोलत होते."

तो दाराच्या फटीकडेच बघत राहिला. तिनं ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली.

"रागवा ना," ती म्हणाली.

"राग आला होता. येताना रस्ताभर होता." त्यानं चष्मा काढून पुसला. "पण आजवर जो भेटला तो मला म्हणाला, काही होत नाही हो, उगाच घाबरता. तुम्ही एका घासात ओळखलंत आणि धावलात."

दुसरा तास संपत आला. गांधी पुसट होत गेल्या. डॉक्टरांनी इराला पुन्हा तपासलं आणि घरी न्यायला हरकत नाही, म्हणून सांगितलं. तेव्हा कुठे कौमुदीला रडू फुटलं.

विहंगनं रुमाल पुढे केला... आणि तिनं तो घेतल्यावरही हात मागे नेला नाही.

"मी रोज एकटाच घाबरतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही... माझ्याबरोबर घाबराल?"

"मी फार भित्री आहे."

"पाहिलंय मी आज. म्हणून तर विचारतोय."

आतून इरानं भूक लागल्याचं जाहीर केलं. दोघं एकदमच उठली. दाराशी पोहोचता पोहोचता कौमुदी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "रविवारी घरी या. आईला सगळं सांगायचंय... कुटाचंही, आणि हेही."