आल्बुलाच्या उतारावर दुसरा गिअर

बावीस वर्षांपूर्वी याखेन आणि मी मिळून ती गाडी घेतली. लाल, दोन सीटची, इटालियन. तो घड्याळं दुरुस्त करायचा, मी जमिनीची मोजणी. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी आल्बुलाचा घाट चढायचा, माथ्यावर कॉफी घ्यायची, आणि पलीकडच्या ला पुंट गावाकडे उतरताना तोच वाद घालायचा. वळण आलं की मी ब्रेक दाबायचो. याखेन गिअर खाली घेऊन इंजिनालाच गाडी आवरू द्यायचा. ब्रेकचे पॅड स्वस्त, क्लच महाग, असं माझं म्हणणं.

"तुझा पाय म्हातारीचा आहे, टुमाश," तो म्हणायचा. "ब्रेक थांबण्यासाठी असतो."

फेब्रुवारीत कॅन्सरने याखेन गेला. त्याच्या बायकोने, मेंगियाने, गाडी पूर्ण माझ्या नावावर करून दिली.

जूनमध्ये बर्फ हटवून घाट उघडला. उतरताना पहिल्या वळणाआधी मी ब्रेक लावून क्लच दाबला, आणि हात पोचण्याआधीच गिअरचं लिव्हर तिसऱ्यातून दुसऱ्यात गेलं. जाताना इंजिनाचा आवाज किंचित चढला. याखेन असाच चढवायचा.

मी गिअरबॉक्स उघडून पाहिला. झीज नव्हती, कुठे काही ढिलं नव्हतं. पुढच्या रविवारी प्रत्येक वळणाशी तेच झालं. मी वेळ आणि वेग वहीत टिपून ठेवले. तिसऱ्या रविवारी डाव्या पायाखाली क्लचही आपण होऊन खाली गेला.

मला भीती वाटायला हवी होती. पण चार महिन्यांत पहिल्यांदाच गाडीत एकटं वाटलं नाही. "बरं बाबा, तू जिंकलास," असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. जुलै संपेपर्यंत माझा उजवा पाय ब्रेककडे जाईनासा झाला. वळणं सफाईने कापली जायची. मी फक्त स्टिअरिंग धरायचो आणि वेग दर आठवड्याला थोडा वाढवायचो.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी कोरडं ऊन होतं. कुरणात गायींच्या घंटा वाजत होत्या. सगळ्यात अरुंद वळणाआधीच्या सरळ उतारावर मी नेहमीसारखी वाट पाहिली.

क्लच खाली गेला. लिव्हर तिसऱ्यातून निघालं.

दुसऱ्यात न जाता मध्येच थांबलं.

इंजिन शांत झालं. मोकळी सुटलेली गाडी वेग घेऊ लागली. मी लिव्हर दोन्ही हातांनी ओढलं. पलीकडून कुणीतरी धरलं होतं.

पाय ब्रेक शोधू लागला. पहिल्यांदा तो चुकला.

टायर जळल्याचा वास आला. गाडी कठड्याच्या दगडाला टेकून थांबली. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. मग लिव्हर अलगद दुसऱ्यात जाऊन बसलं.

तासभर मी रस्त्याच्या कडेला बसून बावीस वर्षं उलटीसुलटी तपासली. एखादा बोचरा शब्द, लपवलेली गोष्ट, मी केलेला अन्याय. काही सापडलं नाही. वैर असतं तर निदान कारण तरी कळलं असतं.

संध्याकाळी मेंगियाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती हसली नाही. याखेन माझ्याबद्दल कधी काही बोलला होता का, असं मी विचारलं.

"वाईट कधीच नाही," ती म्हणाली. "दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात रोज एवढंच विचारायचा, टुमाश अजून ब्रेक दाबतो का. मी हो म्हणायचे."

"मग?"

"मग म्हणायचा, ते सुटायला थोडा वेळ लागेल."