पोटाशी बांधलेला लाल रंग

गुहेतला लाल रंग आणायचा, आणि तोही जिवंत! एवढ्यासाठीच वहिनी आणि वन्सं बर्फाचा उतार चढत होत्या. वहिनी प्रयोगशाळेत जंतूंच्या रंगांवर काम करायची. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. पट्टीच्या गिर्यारोहक, आणि बोलण्यात तर त्याहून पट्टीच्या.

त्या गुहेच्या भिंतीवरचे जंतू स्वतःच लाल रंग तयार करायचे. औषधांना दाद न देणारे जखमेतले जंतू त्या रंगाने मरत होते, आणि तेलात घातला तर तेल खवट होत नव्हतं! पण प्रयोगशाळेतला डीप फ्रीझर बंद पडला आणि गोठवून जपलेला एकुलता एक नमुना हातचा गेला. नवा मिळाला नाही तर वहिनीची सगळी वर्षं पाण्यात जाणार होती. त्यात हिवाळा तोंडावर आलेला. एकदा बर्फ साचला की गुहा बंद.

"लोक डोंगरावर देखावा बघायला येतात," वन्सं धापा टाकत म्हणाल्या, "आमच्या वहिनीला शेवाळं खरवडायचंय!"

"शेवाळं नाही हो, वन्सं. जंतू!"

"मग तर छानच!"

दोघींनी गुहेत दिवा लावला. ओल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत लालभडक रंग पसरला होता. वहिनीने आनंदाने वन्संना मिठीच मारली. मग तिने भिंतीवरचा थर कुप्यांत भरून पेटीत ठेवला, थोडा जेलीच्या छोट्या प्लेटांवर पसरला आणि त्या प्लेटा पट्ट्याने पोटाशी बांधल्या. रानावनात जंतू वाढवायचे तर ऊब अंगाचीच, हे ती शिकली होती.

उतरताना खोल भेगेवरचा बर्फाचा पूल आला. दोघींनी कमरेला एकच दोर बांधला होता. वहिनी मध्यावर पोचली आणि कडाड!

पायाखालचं सगळं गेलं! ती दोरावर लोंबकळली. पेटी निसटली, आपटत आपटत खाली दिसेनाशी झाली.

"पेटी, वन्सं!"

"खड्ड्यात गेली पेटी! पाय रोव! ओढतेय मी!"

वन्संनी दात ओठ खाऊन दोर ओढला. वहिनी काठावर आली, पालथी पडली आणि तिने आधी पोट चाचपलं. प्लेटा शाबूत होत्या!

पायथ्याच्या झोपडीत पोचतात तोच वादळ सुरू झालं. दोन दिवस बाहेर पडणं अशक्य होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने पट्टा सोडला. जेलीवर जंतूंचे ठिपके भरपूर होते, पण पांढरेफटक! लाल एकही नाही.

"हे माझ्याच अंगावरचे जंतू," ती रडवेली झाली. "गुहेतले मेले. मी परत वर जाते."

"या वादळात? भावाला काय तोंड दाखवू मी? रड पोटभर, मग चहा घे."

वहिनी खरंच रडली. प्लेटा तिने रागाने गार खिडकीत सरकवल्या आणि दिवसभर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी हाक मारली, "अगं, तुझे पांढरे लाजले की काय?"

वहिनी धडपडत उठली. ठिपके गुलाबी झाले होते, मधले तर चक्क लाल! ती बघतच राहिली, आणि मग तिने कपाळावर हात मारून घेतला. प्रयोगशाळेत हे जंतू वाढवताना प्लेटा कायम उघड्या फळीवर असायच्या. ऊब त्यांना कुणी दिलीच नव्हती.

"वन्सं, हेच ते! उबेत वाढतात, पण रंग धरत नाहीत. रंगाला गारवाच लागतो!"

"म्हणजे पोटाशी धरून तूच लाडावून ठेवलेस!"

दोघी हसत सुटल्या. वादळ थांबल्यावर उतरताना वहिनीने प्लेटा पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या, गार वाऱ्यावर.

आठवड्याने प्रयोगशाळेतून वन्संना फोन आला. जखमेतल्या जंतूंच्या दाट थरात वहिनीने लाल रंगाचा थेंब ठेवला होता. त्याच्याभोवती आता स्वच्छ, मोकळं वर्तुळ दिसत होतं.

"वन्सं, मेले हो सगळे!" वहिनी आनंदाने ओरडली.

"शाब्बास गं!" वन्सं हसल्या. लगेच त्या म्हणाल्या, "आणि आता प्लेटा पोटाशी बांधू नकोस. माझ्या भावालाच धर!"