सहावी वायर

१९९४ साली मी ठाकुर्लीला एका चाळीत राहायचो. मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात पॉवर सप्लाय तपासणं हे माझं काम. लग्न झालं नव्हतं, गावी कुणी उरलं नव्हतं. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही.

वीज सारखी जायची, म्हणून भंगारातल्या सामानातून मी एक डबा बनवला. एका प्लगवर सहा वायरी, प्रत्येकीला मधोमध शून्य असलेला छोटा मीटर; वीज बाहेर गेली की काटा उजवीकडे, आत आली की डावीकडे. चाळीतले लोक वस्तू चार्जिंगला ठेवून जायचे. उत्तमचा वॉकमन, शालूचा टॉर्च, मासे विकणाऱ्या आवडाबाईंचा इमर्जन्सी दिवा. खरं तर डबा विजेसाठी नव्हताच. कुणीतरी दार वाजवावं, एवढ्यासाठी होता.

पाचच वायरी लागायच्या. सहावीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती मी खिळ्याला अडकवली होती.

एका शुक्रवारी दुपारी दोन वाजता सहावीचा काटा उजवीकडे हलला. दीडशे मिलिअँपिअर. मी मीटर बदलला. वायर बदलली. टोक हवेत लोंबकळत होतं आणि काटा दीडशेवर. साडेचारपर्यंत तो हळूहळू शून्यावर आला, बॅटरी भरत आली की येतो तसा.

पुढच्या शुक्रवारीही तेच. तिसऱ्या शुक्रवारी मी दोनच्या आत जेवण आटोपून डब्यासमोर बसलो. काटा हलला तेव्हा मला बरं वाटलं. असं बरं वाटलेलं मला आवडलं नाही.

चौथ्या शुक्रवारी तीनला वीज गेली. पंखा थांबला. शेजारचा रेडिओ बंद पडला. पण डब्यावरचे पाच काटे होते तिथेच होते. सहावा डावीकडे झुकला होता. म्हणजे त्या रिकाम्या टोकातून वीज आत येत होती आणि पाचही वस्तू तिच्यावर भरत होत्या. मध्ये मी स्वतः डायोड बसवला होता. वीज उलटी येणं शक्यच नव्हतं.

मी प्लग उपटला. काही फरक नाही. पक्कड घेऊन सहावी वायर मुळापासून कापली.

सगळे काटे एकदम शून्यावर आले.

दिवेलागणीला आवडाबाई दिवा घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या.

"दौलतभाऊ, ह्यो दिवा तुमचे घरानच ठेवा. मना नको."

"का? लागत नाही?"

"लागतंय." त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. "उजेड बरा नाय ह्याचा. तुमीच बघा."

वीज अजून आली नव्हती. मी दार लोटलं, दिवा टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि वळलो.

समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली. तिच्या शेजारी आणखी एक.

मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मी हात उचलला. माझ्या सावलीनं उचलला.

दुसरीनं नाही.

मी उभा होतो. ती बसलेली होती.

मी बटण बंद करायला दिव्याकडे हात नेला. तशी तिनं हळूच मान हलवली, नको म्हणावं तशी.

मी हात मागे घेतला आणि तिच्यासमोर जाऊन बसलो.