इसाकचं मचाण

बायकोच्या पहिल्या नवऱ्यानं बांधलेल्या मचाणावर बसण्यात मला काही गैर वाटत नव्हतं. लाकूड ते लाकूड. मी वीज कंपनीत खांबांवर चढून तारा ओढणारा माणूस. खांब कुणी रोवला हे विचारत बसलो तर अर्धं गाव अंधारात राहील.

पण गाव अजून त्याला इसाकचं मचाणच म्हणायचं, आणि ते मला झोंबायचं. इसाक जाऊन चार वर्षं झाली. लाकडाच्या गिरणीत काम करताकरता छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. हेल्मीशी माझं लग्न होऊन तीन हिवाळे झाले. त्याच्या घरात मी राहतो, त्याच्या सौनाची, वाफेच्या न्हाणीघराची, शेगडी मी पेटवतो, छपराची गळती मी काढली. तरी बैठकीच्या भिंतीवर त्यानं मारलेल्या नर हरणांची शिंगं ओळीनं टांगलेली, आणि त्यात माझी एक जोडी नाही. शिकारीचे दोन मोसम मी त्या मचाणावर काढले आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलो.

"जागा झकास आहे आर्ने," हेल्मीचा भाऊ टाउनो म्हणायचा. "पण हरणं माणूस ओळखतात, लेका." वर गालातल्या गालात हसायचा. मेव्हणा नसता तर थोबाड फोडलं असतं.

हेल्मी काही बोलायची नाही, आणि ते जास्त लागायचं. शिंगांवरची धूळ पुसताना तिचा हात कसा हळू चालतो ते मी पाहिलं होतं. माझा कॉफीचा कप धुताना तसा चालत नाही. हसू नका. जळणाऱ्या माणसाला असलं सगळं दिसतं. या वर्षी एक तगडा नर मारायचा आणि त्याची शिंगं भिंतीवर मधोमध टांगायची, एवढंच मी ठरवलं होतं. तिनं एकदा तरी माझ्याकडे तसं बघायला हवं होतं.

पंधरा नोव्हेंबरला आमचा मोसम उघडतो. आदल्या दिवशी हेल्मीनं पास्ट्या भाजल्या. खिमा, बटाटा, सलगम भरलेल्या, घाट करंजीचा पण एकीत एका माणसाचं जेवण होतं. गावातल्या खाणी चालू होत्या तेव्हापासून पास्टीच्या टोकाला नावाचं कणकेचं अक्षर चिकटवायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे कुणाची कुठली ते कळतं. खाताना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची, आपलं अक्षर शेवटी. एका पास्टीवर माझं अक्षर होतं. दुसरीवर इसाकचं.

मचाण बांधणारा मेला तरी मोसमाच्या पहिल्या दिवशी त्याचा वाटा कठड्यावर ठेवतात. त्याला कुणी हात लावत नाही. पाखरं नेतात, खारी नेतात.

"चौथं वर्ष आहे हे, हेल्मी," मी म्हणालो.

"मग?"

"मग काही नाही. सलगम जरा जास्तच भरलेलं दिसतंय त्याच्यात."

"त्याला आवडायचं," ती म्हणाली. मान वर केली नाही.

मी दोन्ही पास्ट्या कापडात गुंडाळल्या आणि झोपायला गेलो. झोप कसली येते.

मचाण देवदारांच्या दलदलीच्या काठाला आहे. दोन मेपल शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये लाकडी माळा, तीन बाजूंना कठडा आणि दोघांना पुरेल एवढी बसायची फळी. फळीच्या डाव्या टोकाला डावखुऱ्या इसाकनं बसून बसून खळगा पाडला होता. मी कायम उजवीकडे बसायचो. दुसऱ्याच्या जोड्यात पाय घालायला नको वाटतं, त्यातलाच प्रकार. इसाकची पास्टी कठड्यावर ठेवली, रायफल मांडीवर घेतली आणि वाट बघत बसलो.

उजाडलं तेव्हा सगळीकडे दंव दिसलं. कठड्यावर, शिडीवर, माझ्या बुटांच्या टोकांवरसुद्धा. डावीकडच्या खळग्यात मात्र नव्हतं. मी हातमोजा काढून फळीवर हात ठेवला. कोमट होती. वर फांदी आहे म्हणून दंव पडलं नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. कोमटपणाबद्दल काही सांगितलं नाही.

थोड्या वेळानं एक मादी बाहेर आली. मग आणखी दोन. पहिलीनं मान वर केली आणि मी श्वास रोखला. मचाणावरचा माणूस दिसला की हरणाची शेपटी उभी होते, खालचा पांढरा भाग चमकतो आणि खेळ खलास. ही जागची हलली नाही. कान पुढे करून बघत राहिली. पण माझ्याकडे नव्हे. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे, खळग्याच्या वर, बसलेल्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. दावणीची गाय मालकाकडे बघते तशी.

मग नर आला. मानेला जाड, शिंगं अशी की भिंतीवरच्या सगळ्या जोड्या फिक्या पडाव्यात. तोही तिथेच बघत उभा राहिला. मी रायफल खांद्याला लावली. सेफ्टीच्या खटक्याचा बारीक आवाज झाला. त्यानं मान वळवली, मला पाहिलं, आणि पुढच्या क्षणी सगळी दलदलीत गडप.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. घर त्याचं, भिंत त्याची, बायकोचा हळू चालणारा हात त्याचा. आता जनावरंही त्याचीच? मेला तरी हक्क सोडत नाही म्हणजे काय?

दुपार कलेपर्यंत काही फिरकलं नाही. माझी पास्टी मी केव्हाच संपवली होती. गारठ्यानं बोटं वळत नव्हती आणि डोकं तापलेलं होतं. कठड्यावरच्या त्या पास्टीला एकाही पाखरानं चोच लावली नव्हती. मी ती उचलली.

पहाटेपासून उघड्यावर पडलेली पास्टी, आणि तिच्यातून वाफ निघत होती.

मी खाल्ली. मुद्दाम अक्षराच्या टोकापासून सुरुवात केली. सलगम मला आवडत नाही, पण त्या दिवशी गोड लागलं, शेवटचा कणसुद्धा बोटानं टिपून खाल्ला. मग सरकलो आणि त्या खळग्यात बसलो.

खळगा मला नेमका बसला. इसाक माझ्या दीडपट होता.

उन्हं उतरली. देवदारांच्या बुंध्यांत काळोख साचायला लागला. वारा पडला. सकाळपासून वर किटकिटणारी खार गप्प झाली.

पहिली मादी बाहेर आली आणि तिनं वर पाहिलं. सरळ माझ्याकडे.

मागोमाग नर आला. मोकळ्या जागेत मधोमध उभा राहिला आणि कूस माझ्याकडे करून थांबला. मी खटका सरकवला. आवाज झाला. त्यानं कान हलवला नाही. तो मला बघत होता आणि त्याला मी ओळखीचा होतो.

त्याच वेळी माझ्या उजव्या बाजूला फळी करकरली. अवघडून बसलेला माणूस जरा हलतो, तशी.

मी तिकडे बघितलं नाही.

चाप ओढला.

बार ऐकून टाउनो दोर आणि विजेरी घेऊन आला. नर बघून त्यानं शीळ घातली. "मेल्या, फत्ते केलीस की," म्हणाला आणि पाठीवर थाप मारली. मला किती बरं वाटलं सांगू. मी सुरा काढून पोट फाडायला घेतलं. तो विजेरी धरून बडबडत होता, आणि मग एकाएकी थांबला.

"डावखुरा कधीपासून झालास तू?"

मी पाहिलं. सुरा डाव्या हातात होता आणि सराईतासारखा चालत होता.

"उजवा गारठलाय," मी म्हणालो.

टाउनोनं दोर उचलला. आम्ही नर ओढत घरी आणला, अंगणातल्या झाडाला उलटा टांगला. एरवी बिअरच्या दोन बाटल्या रिचवल्याशिवाय न हलणारा माणूस, दोर बांधल्याबरोबर येतो म्हणाला आणि गेला. जाताना माझ्या चेहऱ्यावर विजेरी मारून गेला.

हेल्मी पायरीवर उभी होती. नराकडे तिनं धड बघितलंही नाही. माझ्याकडे बघत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. खाली आली, पिठाचे हात माझ्या गालांवर ठेवले.

"किती उशीर केलास रे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "किती वाट बघायला लावलीस."

एका दिवसाच्या शिकारीवरून आलेल्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. मला ते कळलं. पण विचारलं असतं तर तिनं हात काढून घेतले असते.

तिनं नराचं काळीज कांद्यावर परतलं. रोज समोर बसणारी हेल्मी शेजारी येऊन बसली. जेवताना तिचा हात माझ्या पाठीवरून फिरत होता, हळू, अगदी हळू. इतकी वर्षं ज्यासाठी जळलो ते सगळं ताटात वाढलेलं होतं. मी जेवलो, पुन्हा मागून घेऊन जेवलो.

जेवण झाल्यावर मी अंगणातला दिवा बंद करायला उठलो.

"राहू दे तो," हेल्मी माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली. "आर्ने यायचाय अजून."

माझा हात बटणावरच राहिला.

"गारठा किती वाढलाय," ती म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन काचेवरची वाफ हातानं पुसून बाहेर बघायला लागली. "काही खाल्लंय की नाही कुणास ठाऊक. हट्टी आहे, पण जीव लावतो रे. मला त्याला कधी सांगताच आलं नाही."

तिचा आवाज कापत होता. माझ्यासाठी ती अशी खिडकीशी कधी उभी राहिली असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. उभी राहतही असेल. तेव्हा मी बाहेर असायचो, मला कसं दिसणार?

बराच वेळ ती वळली नाही. मी शेजारी होतो, आणि तिला माझी आठवणही नव्हती. कोण हा आर्ने, ज्याच्यासाठी हिचा जीव असा खालीवर होतोय?

मी दिव्याचं बटण बंद केलं. मग दाराला आतून कडी घातली.