पिशवीला फेस येऊ नये म्हणून

साहेब, तुम्ही माझा माणूस पळवलात. हॉस्पिटलच्या औषध विभागाची खुर्ची तुमची, म्हणून तुम्हालाच धरते. आवाज चढलेला वाटत असेल तर तो चढलेलाच आहे.

तो तुमच्याकडे कॅन्सरची औषधं तयार करायचा. माझ्या पहिल्या सलाईनच्या दिवशी मी घाबरून वॉर्डातून पळाले आणि वळणावर थेट त्याच्यावर आदळले. त्याने आधी हातातली औषधाची पारदर्शक पिशवी खिडकीच्या उजेडात धरली… निरखून पाहत राहिला.

"मलाही लागलंय हो," मी म्हणाले.

"तुमचं दुखणं थांबेल. हिला फेस आला तर फेकून द्यावी लागते. ही हलवायची नसते." मग लेबल वाचून, "अरेच्चा, ही तुमचीच की! चला, दोघींना पोचवतो."

"बरं झालं धरून आणलंत," माझी मावशी पलंगापाशी कमरेवर हात ठेवून उभी. "पायाला भिंगरी आहे कार्टीच्या!"

ट्रॉलीचं एक चाक खडखडायचं, म्हणून असली औषधं तो हातानेच आणायचा. झोपलेलं बाळ न्यावं तसा, हळू. दर तीन आठवड्यांनी. माझी पिशवी सगळ्यांत शेवटी… म्हणजे जरा थांबता यायचं.

"हे करतं तरी काय?" मी एकदा विचारलं.

"दिसेल त्याला बडवत सुटत नाही. पेशीवरची एक खूण शोधतं आणि तिलाच जाऊन चिकटतं. बाकीच्यांकडे फारसं ढुंकून बघत नाही."

"तुमच्यासारखंच. मी आदळले तरी बघितलं नव्हतंत."

तो कानापर्यंत लाल झाला. "बघितलं होतं… पिशवीतून."

"मला कमी ऐकू येतं हं," मावशी विणता विणता म्हणाली, "चालू द्या तुमचं."

मी नंबर देऊ केला, तर म्हणे, "उपचार चालू असताना पेशंटचा नंबर घ्यायचा नाही, नियम आहे. शेवटच्या सलाईनला मीच मागेन. द्याल?"

"तेव्हाच सांगेन," मी भाव खाल्ला.

शेवटच्या सलाईनला पिशवी आली ती दुसऱ्याच्या हातात. "त्याची बदली झाली. एकेक पिशवी घेऊन चालत जातो, वेळ खातो, म्हणे." मी ती पिशवी उजेडात धरायला लावली. फेस नव्हता. पलीकडे कोणी नव्हतं.

तुमच्या ऑफिसात विचारलं. "कर्मचाऱ्यांची माहिती देत नाही." संपलं!

त्याला आता हिवाळा उलटला. अजूनही मी दुधाची पिशवी हळूच उचलते, खिडकीशी नेते. "अगं, दूध आहे ते," मावशी म्हणते, पण हल्ली हसत नाही.

औषधाने काम केलं, साहेब. रिपोर्ट स्वच्छ आला. हे त्याला कोणी सांगितलं? त्याने तुमचा नियम पाळला आणि तुम्ही त्यालाच उचललंत. आता मी पेशंट नाही. माझं उत्तर "हो" आहे, आणि ते मला त्याच्या तोंडावर द्यायचंय.

बोला, कुठे पाठवलंत त्याला?