पेंटरच्या चष्म्याचा नंबर

समोरच्या दुकानाची पाटी रंगवता रंगवता तो शिडीवरून उतरला आणि आमच्या चष्म्याच्या दुकानात पाणी मागायला आला. तांब्या रिकामा केला, पुन्हा भरून मागितला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "आलोच आहे तर डोळेही तपासा."

मी तपासले, चष्मा दिला. थोड्याच दिवसांत पेंटर परत हजर.

"चष्मा चुकलाय. अक्षरं पुसट दिसतात."

नंबर खरंच बदलला होता. काच बदलून दिली, तर पुढच्या खेपेला आणखी वेगळाच. बाबा आतून हळूच म्हणाले, "दोष चष्म्यात नाही, गिऱ्हाइकात आहे. तुला बघायला येतो तो." मी लटकंच रागावले, पण मनात गुदगुल्या झाल्या.

"आता माझ्या कानाकडे बघा," पुढच्या तपासणीत त्याच्या डोळ्यात उजेड टाकत मी म्हटलं.

"कानाकडेच?"

"तपासणी तशीच असते."

"मग अवघड आहे..."

हसता हसता माझं लक्ष त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. पट्टा घट्ट करायला नवं भोक पाडलेलं होतं. सोबतची पाण्याची बाटली रिकामी, आणि तपासणीच्या मध्येच तो पुन्हा बाथरूमला जाऊन आला. रक्तातली साखर वाढली की नंबर असा मागेपुढे होतो, हे मी शिकले होते. फक्त मला ते आठवायचं नव्हतं. तो माझ्यासाठीच येतो, हेच खरं असावं असं फार वाटत होतं.

"नवी काच देणार नाही," मी म्हटलं. "आधी साखर तपासून या. ही तहान, हे बारीक होणं... मला भीती वाटते."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे — येऊ नको?"

"रिपोर्ट घेऊन या."

तो फिरकलाच नाही. समोरची पाटी अर्धीच राहिली. मी बाबांवर उगाच खेकसत होते. आपणच त्याला आपल्या हातानं घालवलं, असं वाटून जीव नुसता कासावीस व्हायचा.

मग एका दुपारी तो आला. साखर वाढलेलीच निघाली होती. पण लवकर कळलं, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळ्या, पथ्य, रोज सकाळचं चालणं, सगळं सुरू होतं. मी नंबर तपासला. मागच्या आठवड्यात त्यानं दवाखान्यात जो काढून घेतला होता, तोच आला.

"एवढे दिवस होतात कुठे?" मी विचारलं.

"नजर ठरायची वाट बघत होतो. तुम्हाला आजवर पुसटच पाहिलंय... विचारण्याआधी एकदा नीट बघायचं होतं."

"बघितलंत?"

"हो. माझ्याशी लग्न कराल?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"करेन," मी म्हटलं. "पण सकाळी चालायला दोघांनी जायचं."